साडूपिंडाचे कार्य

लोक एकमेकांच्या पगाराचा हेवा करतात, घराचा करतात, गाडीचा करतात. मला माझ्या साडूच्या मधुमेहाचा हेवा वाटायचा. हसू नका. तुमचा साडू तुमच्याच इमारतीत, बरोबर तुमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहत असता आणि सासूबाईंनी कायमचा मुक्काम त्याच्याकडे ठोकला असता, तर तुम्हालाही वाटला असता.

हा गृहस्थ वयाने माझ्यापेक्षा लहान. पण लग्न माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी झालेलं, म्हणून तो 'थोरले जावई' आणि मी, कानावरचे केस पिकले तरी, 'धाकटे'. रविवारी दुपारी आम्ही दोघं नवराबायको वर जेवायला जातो. तिथे काय चालतं ते ऐका. सासूबाई साडूच्या ताटापाशी उभ्या राहतात. "इंजेक्शन घेतलंत ना? मग वाढते हं. हे चालेल? एवढं पुरे, की थोडं कमी करू? नंतर काय देऊ?" तो बाबा डोळे अर्धवट मिटून, न्यायाधीशासारखा विचार करून सांगतो, "अर्धं." मग अर्धं वाढलं जातं. मग सासूबाई माझ्याकडे वळतात आणि भांड्यात जे काही उरलं असेल ते माझ्या ताटात ओतत म्हणतात, "तुम्हाला काय, काहीही चालतं!"

लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ऐकतोय. अहो, मलाही पित्त आहे. उजवा गुडघा धरतो. पण पित्ताला विचारतो कोण? पित्त झालंय म्हटलं की समोरचा म्हणतो, मलाही आहे, आणि विषय संपतो. मधुमेहाचा थाटच वेगळा. त्याला वेळापत्रक असतं, पथ्य असतं, कोटाच्या खिशात बाळगायच्या साखरेच्या गोळ्या असतात, बोट टोचून आकडा सांगणारं छोटं यंत्र असतं. साडूने बोट टोचलं की घरातले सगळे जेवायचे थांबतात आणि आकडा काय येतो ते माना पुढे काढून ऐकतात. माझ्या पित्ताला साधा आकडा नाही.

तरी मी गप्प होतो. पण आमच्या इमारतीत दर महिन्याला तळमजल्याच्या हॉलमध्ये रहिवाशांची बैठक असते, आणि त्या बैठकीत साडूने भाषण ठोकलं. विषय, 'मी आणि माझा मधुमेह'. टाळ्या काय, प्रश्न काय, बायकांनी घातलेला गराडा काय! मधुमेह झाला म्हणून एवढं कौतुक, मग पोहून समुद्र ओलांडला असता तर काय केलं असतं? मी मागच्या खुर्चीवर बसून जळत होतो. परतताना जिन्यात आमची ही म्हणाली, "भाऊजींनी किती सोपं करून सांगितलं नाही? स्वादुपिंड म्हणजे काय ते मला आज कळलं."

"त्यात काय मोठंसं. मीही सांगितलं असतं."

"मग सांगा."

मागून निम्मी इमारत जिना चढत होती. मी घसा साफ केला. "स्वादुपिंड पोटात असतं."

"कुठे?"

"आत."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं नाही, पण कानशिलं तापली आणि तोंडातून शब्द निघून गेले, "तोंडाने काय, कोणीही सांगतं. पुढच्या बैठकीत मी चालतं स्वादुपिंड करून दाखवीन!"

मग वरच्या वळणावरून साडूचा आवाज आला, "वा, साडूबुवा! जरूर करा. काही मदत लागली तर मी आहेच." या माणसाचा मला सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर त्याच्या चांगुलपणाचा. खडूस असता तर निदान चारचौघांत त्याला नावं ठेवता आली असती.

आता मी पाणीपुरवठा कार्यालयात नोकरीला आहे. लोकांना वाटतं मला पंप, झडपा, टाक्या यांतलं सगळं कळतं. मी तक्रारींच्या खिडकीत बसतो. 'पाणी फार कमी येतं' आणि 'पाणी फार जोरात येतं' अशा दोन्ही तक्रारी ऐकून घेऊन 'बघतो' म्हणणं हे माझं काम. पाण्याशी माझा प्रत्यक्ष संबंध अंघोळीपुरता. म्हणून मी समोरच्या बिऱ्हाडातल्या मास्तरांकडे गेलो. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेत. ऐकायला कोणी मिळालं की ते दार आतून लावून घेतात.

"स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पसरलेलं असतं," मास्तर म्हणाले. "त्यात पेशींची बारीक बारीक बेटं असतात. तुम्ही जेवलात, रक्तात साखर चढली, की बेटावरच्या काही पेशी इन्सुलिन सोडतात. ते रक्तातून अंगभर फिरतं आणि पेशींना सांगतं, दारं उघडा, साखर आत घ्या. उरली ती यकृत आपल्या कोठारात टाकतं. साखर उतरते. इथवर सगळ्यांना माहीत असतं."

"मग झालं की!"

"झालं काय, डोंबल? आता तुम्ही उपाशी राहिलात. चार जिने चढलात. साखर खाली खाली गेली. मेंदूला साखर मिळेना. आता कोण धावून येणार?"

"कोण?"

"ग्लुकागॉन!" मास्तरांनी टेबलावर थाप मारली. "त्याच बेटावर, इन्सुलिनच्या शेजारच्या पेशींत तयार होतं. ते यकृताला सांगतं, काढ बाहेर साठवलेली साखर. एक उतरवतं, एक चढवतं, म्हणून माणूस तोल सांभाळून उभा असतो. पण इन्सुलिनचं नाव सगळ्यांच्या तोंडी. ग्लुकागॉनला कोणी विचारत नाही."

माझ्या काळजात कळ आली. एकाच घराण्यात, शेजारी शेजारी राहायचं, आयुष्यभर राबायचं, आणि कौतुक मात्र एकट्या थोरल्याचं! मी म्हणालो, "मास्तर, हे दोघे साडू हो."

"कोण दोघे?"

"इन्सुलिन आणि ग्लुकागॉन."

मास्तरांनी बराच विचार केला. "पाठ्यपुस्तकात तसं दिलेलं नाही," ते म्हणाले.

नसेल दिलेलं. पण त्या क्षणापासून तो नमुना म्हणजे माझ्यापुरता न्यायाचा प्रश्न झाला. इन्सुलिनचं काय, ते मी उरकून टाकणार होतो. ग्लुकागॉन मात्र असं दाखवायचं की सगळ्या इमारतीने, आणि विशेषतः वरच्या मजल्याने, तोंडात बोट घातलं पाहिजे.

बेत सोपा होता. तळमजल्यावरच्या काकूंकडे माशांची रिकामी काचपेटी होती. ती म्हणजे रक्त. "आमचा शेवटचा मासा त्यात वारला," काकू डोळे पुसत म्हणाल्या, "जपून वापरा." पेटीत साखरेचं लाल पाणी. वर एक नरसाळं, म्हणजे जेवण. खाली एक थेंब थेंब गळणारा नळ, म्हणजे अंगमेहनतीत खर्च होणारी साखर. बाजूला स्टुलावर मोठी बरणी, ती यकृत. पेटीत एक प्लास्टिकचा चेंडू तरंगणार, त्याला दांडी लावलेली, ते स्वादुपिंड. पाणी वाढलं की चेंडू वर जाणार, दांडी एक बूच ओढणार आणि जादा पाणी बरणीत पडणार. झालं इन्सुलिन. पाणी उतरलं की चेंडू खाली येणार, दांडी एक बटण दाबणार, कूलरमधली छोटी मोटर सुरू होणार आणि बरणीतलं पाणी नळीने परत पेटीत चढणार. ते ग्लुकागॉन. काचेवर दोन रेघा मारायच्या. पाणी कायम त्या दोन रेघांच्या मध्ये राहिलं पाहिजे.

पहिलं भांडण रंगावरून झालं. मी लाल शाईची दौत आणली होती. बायको म्हणाली, "शाई नको. केकमध्ये घालतात तो लाल रंग घाला. आणि पाणी उकळून घ्या."

"अगं, स्वादुपिंड आहे ते, सरबत नाही! कोण पिणार आहे?"

"मुलंबाळं येतात तिथे. कुणी तोंड लावलं तर? माझ्या घरातून विष जायचं नाही."

मी बराच वेळ शास्त्रीय दृष्टिकोनावर बोललो. मग पाणी उकळायला ठेवलं.

पहिली चाचणी आमच्या बाहेरच्या खोलीत झाली. मी नरसाळ्यातून जेवण ओतलं. पाणी वरच्या रेघेला लागलं, चेंडू दिमाखात वर गेला, आणि बूच उघडायच्या ऐवजी मोटरच सुरू झाली. जितकं पाणी वाढेल तितकी मोटर आणखी पाणी चढवायला लागली. पेटी भरली, काठावरून वाहिली, सतरंजी लाल झाली. मी बटण शोधतोय तोवर पाणी सोफ्याखाली पोचलं होतं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. "याला काय म्हणतात?"

"मधुमेह," मी म्हणालो.

तेवढ्यात साडू जिन्यावरून खाली उतरत होता. दार उघडं होतं. त्याने आत डोकावून नम्रपणे विचारलं, "साडूबुवा, दांडी उलटी तर नाही ना लागली?"

"ती मुद्दाम तशी लावलीय," मी म्हणालो. तो गेल्यावर मी दार लावलं आणि दांडी सुलटी केली. त्याच्यासमोर केली असती तर जन्मभर ऐकावं लागलं असतं. तसा तो बोलला नसता, हे मला माहीत आहे. पण न बोलता बघितलं असतं, ते जास्त लागलं असतं.

मग मुंग्या आल्या. सतरंजी धुतली, फरशी पुसली, पण सोफ्याखालचा साखरेचा पाक राहून गेला होता. सकाळी उठून बघतो तर दारापासून सोफ्यापर्यंत काळी रांग. दुसऱ्या दिवशी रांग जिन्यात. मग काकूंच्या कपाटात. मुंग्यांना माझं घर दाखवून द्यायला वाटाड्या लागला नाही, पण लोकांना मात्र मुंग्यांच्या मागे मागे चालत माझ्या दारापर्यंत येता आलं. सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. कुणी हळद टाका म्हणालं, कुणी खडूची रेघ ओढा म्हणालं. प्लंबरने तर मोटरच काढून टाकायला सांगितली. "साहेब, खाली गेलेलं पाणी वर कशाला चढवता? गेलं ते गेलं. एवढी एक नळी बंद केली तर काही कटकट राहणार नाही."

"ती नळी म्हणजे ग्लुकागॉन आहे!" मी ओरडलो.

"कुठल्याही कंपनीची असू दे," प्लंबर म्हणाला.

बघा. ग्लुकागॉनची किंमत ही अशी.

हॉल मिळवणं हा त्यापुढचा सोपस्कार. सेक्रेटरींनी काचपेटीकडे संशयाने पाहिलं. "हे पाळीव प्राण्यांच्या नियमात येतं."

"यात प्राणी नाही. हा अवयव आहे."

"सजीव की निर्जीव?"

"सजीव अवयवाचा निर्जीव नमुना."

"पण चालतो म्हणालात."

"चालतो."

"मग निर्जीव कसा?" सेक्रेटरी कपाळाला आठ्या घालून म्हणाले. "आणि पाणी वापरणार म्हणजे पाणी समितीची परवानगी. मोटर म्हणजे वीज समितीची." दोन्ही समित्यांत सेक्रेटरी एकटेच होते. त्यांनी मला दोन वेगवेगळ्या वेळी बोलावलं आणि दोन्ही वेळा तोच चहा पाजून तेच प्रश्न विचारले. शेवटी परवानगी मिळाली. "सूचना मी स्वतः टाईप करून फळ्यावर लावतो," ते म्हणाले. "विषयाचं नाव सांगा."

"स्वादुपिंडाचे कार्य," मी स्पष्ट शब्दांत सांगितलं. शपथेवर सांगतो, स्पष्ट सांगितलं.

संध्याकाळी कार्यालयातून परत आलो तर काकू जिन्यातच उभ्या. चेहरा सुतकी. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "फार वाईट झालं हो. परवा तर दिसले होते. कार्य रविवारी आहे म्हणे?"

मी फळ्याकडे धावलो. त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'रविवारी सकाळी हॉलमध्ये साडूपिंडाचे कार्य. सर्वांनी उपस्थित राहावे.'

आता आपल्या भाषेत 'पिंड' आणि 'कार्य' हे दोन शब्द शेजारी आले की माणसाचा चेहरा आपोआप लांबतो. त्यात पुढे 'साडू'! निम्म्या इमारतीला वाटलं, साडू गेला. मी सेक्रेटरींना गाठलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि कागद न काढता, खाली पेनाने एक ओळ वाढवली. 'साडू हयात आहेत.' उरलेल्या निम्म्या इमारतीने त्यावरून असा अर्थ काढला की हा कार्यक्रम साडूच्या सन्मानार्थ आहे. आणि ज्याचा सन्मान त्याला मागे कसं बसवणार? म्हणून व्यवस्थापक मंडळाने साडूला प्रमुख पाहुणा करून टाकलं.

मी! मी राबलो! माझी सतरंजी लाल झाली, माझ्या घरात मुंग्या झाल्या, आणि फुलांचा गुच्छ साडूला! साडू स्वतः खाली येऊन म्हणाला, "साडूबुवा, मला फार संकोच वाटतोय. मी नाही म्हणून सांगू का?" मी म्हणालो, "छे छे, आनंदच आहे." माझे दात एकमेकांवर इतके घट्ट बसले होते की 'आनंद' हा शब्द मधून कसा निसटला, कोण जाणे.

रविवारी हॉल भरला. पुढच्या रांगेत सासूबाई, शेजारी माझी बायको. व्यासपीठावर साडू, कडक इस्त्रीचा नवा कोट घालून. ताई, म्हणजे त्याची बायको, वर स्वयंपाकात होती. कार्यक्रम जेवणाआधी आटपेल असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. त्यामुळे साडू वेळेवर इंजेक्शन घेऊन, जेवणाच्या तयारीत येऊन बसला होता.

पण आधी सेक्रेटरी बोलले. मग मास्तर बोलले आणि पृथ्वीवर जीव कसा निर्माण झाला इथपासून निघाले. ते पोटापर्यंत पोचले तेव्हा मी मोटरचं बटण दाबून बघितलं तर मोटर बंद. माइकसाठी कुणीतरी तिची पिन काढली होती. पिन लावली तर माइक बंद. मग दुसरी वायर आणायला कुणीतरी वर गेलं. हा सगळा वेळ साडू माझ्याकडे बघून हसत होता. एकदा तो उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "साडूबुवा, मी पटकन वर जाऊन चार घास खाऊन येऊ का?"

"आता कुठे चाललात?" मी म्हणालो. "आत्ता तर खरी गंमत आहे. बसा हो!"

मला त्यानेच ते बघायला हवं होतं. तो नसता तर बाकीच्या इमारतीने बघून मला काय मिळणार होतं? तो बिचारा बसला.

अखेर वायर आली. मी जेवण ओतलं. लाल पाणी वरच्या रेघेला भिडलं, चेंडू उठला, बूच सुटलं, जादा साखर खळाळत यकृतात गेली आणि पातळी दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबली. टाळ्या झाल्या. बायकोने टाळ्या वाजवताना सासूबाईंकडे वळून बघितलं, ते मी पाहिलं. छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं.

"हे झालं इन्सुलिन," मी म्हणालो. "त्याचं कौतुक आपण पुष्कळ ऐकलंय. आता त्याच्या साडूकडे वळू. नाव आहे ग्लुकागॉन. याला कोणी प्रमुख पाहुणा करत नाही." मी खालचा नळ मोठा केला. पातळी उतरायला लागली. खालच्या रेघेला टेकली. चेंडू खाली बसला, दांडी दबली आणि मोटर गुरगुरली. नळीतून लाल पाणी वर चढताना दिसलं. सगळ्या हॉलच्या माना पुढे आल्या होत्या. एवढ्यासाठीच मी जगत होतो.

आणि लोक हसायला लागले.

मी वळून बघितलं. साडू सेक्रेटरींना 'वहिनी' म्हणत होता. "वहिनी, जरा सरका," असं म्हणून तो खुळ्यासारखा हसला. हॉलमध्ये हशा पिकला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आयुष्यात एकदा, एकदाच माझी वेळ आली होती, तर या माणसाने तिथेही विनोद करून लोकांचं लक्ष स्वतःकडे ओढून घेतलं! मी ओरडणारच होतो. पण त्याचा कोट दिसला. नवा, कडक कोट, आणि काखेपासून खालपर्यंत घामाने भिजलेला. पंखा त्याच्या डोक्यावरच फिरत होता. गुच्छ हातातून गळून पडला होता आणि बोटं थरथरत होती. "टाकी भरली का हो?" तो माझ्याकडे बघून म्हणाला, पण मी कोण आहे ते त्याला कळत नव्हतं.

महिनाभर मास्तरांची पुस्तकं आणून मी हेच तर वाचत होतो. घाम, थरथर, बरळणं. इंजेक्शनने साखर उतरवली होती, पोटात अन्न नव्हतं, आणि पातळी खालच्या रेघेच्याही खाली चालली होती. मी धावत जाऊन त्याचे खिसे चाचपले. रिकामे. गोळ्या जुन्या कोटात, वरच्या मजल्यावर. प्रमुख पाहुणा केला नसता तर हा माणूस जुनाच कोट घालून आला असता.

मग मी काय केलं ते सांगतो. माझं ग्लुकागॉन त्या क्षणी अगदी झकास चालत होतं. पाणी वर चढत होतं, रेघेपासून बोटभर खाली होतं. मी ती नळी पेटीतून उपटून काढली, सेक्रेटरींच्या समोरचा पाण्याचा पेला रिकामा केला आणि नळी त्यात धरली. यकृतातली साखर बदाबदा पेल्यात पडली. दोन मुंग्या होत्या, त्या बोटाने काढल्या. नळी सोडून दिली, ती नागासारखी फणा काढून सेक्रेटरींच्या सदऱ्यावर लाल पिचकारी मारत राहिली. मी एका हाताने साडूची मान धरली, दुसऱ्याने पेला त्याच्या ओठांना लावला. "प्या. गिळा. आणखी. अहो, गिळा म्हणतो ना!" मला त्याच्या मधुमेहाचा हेवा वाटायचा हो, पण तो गेलेला मला नको होता. फळ्यावरची ती पहिली ओळ एकसारखी डोळ्यांपुढे येत होती.

तो प्यायला. पेला रिकामा झाला. मी दुसरा भरला.

आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. लोकांना वाटलं, हे प्रात्यक्षिकच आहे. फळ्यावर लिहिलेलंच होतं, साडूपिंडाचे कार्य!

हळूहळू त्याचा घाम थांबला. डोळ्यांत ओळख आली. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सेक्रेटरींच्या लाल सदऱ्याकडे, मग रिकाम्या काचपेटीकडे. तिचा तळ दिसत होता. मोटर कोरडी चालून जळली होती आणि धूर येत होता. "साडूबुवा," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तुमचं स्वादुपिंड मोडलं हो माझ्यापायी."

"असू दे," मी म्हणालो. त्याने माझं मनगट धरलं होतं ते तो सोडेना. मीही सोडवून घेतलं नाही.

लोक व्यासपीठावर गर्दी करून आले. त्यांनी मला बाजूला सारून साडूला गाठलं. "काय अभिनय केलात! अगदी खराखुरा वाटला!" काकू म्हणाल्या, "मी तर रडणारच होते." मास्तर म्हणाले, "विषय उत्तम समजावलात." साडू हात हलवत सांगायचा प्रयत्न करत होता, "अहो, यांनी, यांनी..." पण त्या गलक्यात ऐकतो कोण? मी कोपऱ्यात उभा राहून जळलेली मोटर गुंडाळत होतो आणि पुन्हा जळत होतो. माणसाने जीव वाचवावा आणि अभिनयाचं पारितोषिक दुसऱ्याला मिळावं, याला काय म्हणावं?

मग सगळे वर जेवायला गेलो. ताईला जिन्यातच सगळं कळलं होतं, ती साडूच्या पाठीवरून हात फिरवत होती. साडूने बोट टोचलं, आकडा चांगला आला, सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मी नेहमीच्या जागी भिंतीला पाठ लावून बसलो. गुडघा धरला होता. सासूबाई भांडं घेऊन आल्या आणि साडूच्या ताटावरून पुढे सरकल्या. तिथे न थांबता सरकल्या, हे मी आधी पाहिलंच नाही. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत त्या नव्हत्या, हे मला तेव्हा आठवलं. पुढच्या रांगेत बसून त्यांनी सगळं बघितलं होतं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या. डोळ्यांत पाणी होतं. "तुम्हाला काय हवं? सांगा. तुमच्या आवडीचं सांगा, मी करून घालते."

सगळी पंगत थांबली. साडू, ताई, माझी बायको, सगळे माना पुढे काढून माझ्याकडे बघायला लागले. लग्न झाल्यापासून मी या प्रश्नाची वाट बघत होतो. अंथरुणावर पडल्या पडल्या याची उत्तरं जुळवत होतो. एकेक पदार्थ, एकेक पथ्य, 'अर्धं' म्हणायची ती ऐट, सगळी तयारी होती. मी तोंड उघडलं आणि काहीही आठवेना.

"तुम्ही जे वाढाल ते," मी म्हणालो. "मला काय, काहीही चालतं."